एअरब्रश

एअरब्रश हे हवेच्या दाबाने पातळ रंगाचे सूक्ष्म तुषार उडवून पृष्ठभाग रंगविण्याचे लहान साधन आहे. ते लेखणीप्रमाणे बोटांत धरून चालविले जाते. केसांच्या कुंचल्याचे फटकारे पृष्ठभागावर उमटतात. एअरब्रशमध्ये साधनाचा पृष्ठभागाला स्पर्शच होत नसल्याने एक छटा दुसऱ्या छटेत कडेचा माग न ठेवता मिसळते. छायाचित्रांची दुरुस्ती, जाहिरातकला, दिनदर्शिकांची चित्रे, वाहनांवरील नक्षी, रंगभूषा, केकची सजावट आणि लघुप्रतिकृती अशा अनेक क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने गणेशमूर्तींच्या कारखान्यांत दिसते. गळाने मासे पकडणारे हौशी लोक घरी ओतलेली मऊ प्लास्टिकची आमिषे रंगविण्यासाठीही ते वापरतात.

मूर्ती आणि आमिष या दोन्ही वस्तू रंगविल्यानंतर पाण्यात जातात, परंतु त्यांच्या रंगांकडून असलेल्या अपेक्षा परस्परविरुद्ध आहेत. मूर्तीचा रंग पाण्यात विष न सोडता विरून जावा लागतो, तर आमिषाचा रंग पाण्यात आणि माशाच्या दातांखाली टिकावा लागतो. त्यामुळे या दोन कामांसाठी लागणारे रंग वेगळे असतात आणि रंग वेगळे असल्यामुळे एअरब्रशही वेगळे निवडावे लागतात.

नाव

‘एअरब्रश’ हा इंग्रजी शब्द मराठीत जसाच्या तसा रूढ आहे. ‘हवाकुंचला’ असा प्रतिशब्द सुचविता येतो, पण तो व्यवहारात ऐकू येत नाही. कारखान्यांत बोलताना एअरब्रश आणि मोठी फवारणी-बंदूक या दोहोंनाही ‘गन’ किंवा ‘स्प्रे’ म्हटले जाते व त्यामुळे खरेदीच्या वेळी घोटाळा होतो. वाहने किंवा फर्निचर रंगविण्याच्या स्प्रे गनच्या तोंडाचे छिद्र साधारणपणे १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते. एअरब्रशचे छिद्र बहुधा ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते. स्प्रे गनला मोठ्या कॉम्प्रेसरची हवा लागते, एअरब्रश मात्र मिनिटाला वीसेक लिटर हवा देणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरवर चालतो.

इतिहास

अमेरिकेतील फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनी १८७६ मध्ये रंगाचे तुषार उडविणाऱ्या उपकरणाचे एकस्व घेतले. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारींमुळे प्रसिद्ध झालेले स्टॅन्ली ते हेच. आजच्या एअरब्रशचा उगम मात्र आयोवा राज्यातील ॲबनर पीलर यांच्या साधनापासून मानला जातो. वाकवलेला चमचा, सुई, लाकडी ठोकळा अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी १८७९ च्या सुमारास ‘पेंट डिस्ट्रिब्यूटर’ तयार केले. त्याचे हक्क लिबर्टी वॉकअप यांनी विकत घेतले, साधनात सुधारणा केल्या आणि १८८३ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे ‘एअर ब्रश मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ सुरू केली. हे नाव त्यांच्या पत्नी फीबी वॉकअप यांनी सुचविल्याचे सांगितले जाते.

चार्ल्स बर्डिक यांनी १८९० च्या दशकात सादर केलेल्या रचनेत हवा व रंग साधनाच्या तोंडाच्या आतच एकत्र येत. आजचे बहुतेक एअरब्रश याच तत्त्वावर चालतात. शिकागोमधील पाशे ही कंपनी १९०४ मध्ये, तर जपानमधील इवाटा ही कंपनी १९२६ मध्ये सुरू झाली. या दोन्ही कंपन्यांची साधने आजही प्रचलित आहेत.

आरंभी एअरब्रशचे मुख्य काम छायाचित्रांवरील हस्तसंस्काराचे होते. कलाकृतीसाठी त्याचा उपयोग करणाऱ्यांत मॅन रे यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांनी १९१७ ते १९१९ या काळात ‘एरोग्राफ’ नावाची चित्रे केली. सोव्हिएत राजवटीत मर्जीतून उतरलेल्या व्यक्ती अधिकृत छायाचित्रांतून पुसून टाकण्यासाठीही हेच हस्तकौशल्य कामी आले, आणि इंग्रजीत या साधनाच्या नावाचे ‘झाकून टाकणे’ या अर्थाचे क्रियापद झाले.

मराठी वाचकांना एअरब्रशच्या परिणामाची ओळख दिवाळी अंक, मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांतून झाली. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या देवदेवतांच्या व स्त्रियांच्या चित्रांतील तुकतुकीत, मऊ कांती या तंत्राशी जोडली जाते. संगणकावरील चित्रसंस्करण आल्यानंतर जाहिरात आणि छपाईच्या क्षेत्रातून एअरब्रश बहुतांशी गेला. त्रिमितीय वस्तूंच्या रंगकामात मात्र त्याला पर्याय निघालेला नाही.

रचना व कार्य

एअरब्रशच्या नळीतून एक लांब, टोकदार सुई जाते. सुईचे टोक पुढच्या शंकूसारख्या नोझलमध्ये घट्ट बसलेले असताना रंगाची वाट बंद असते. सुई मागे सरकली की टोक व नोझल यांच्यामध्ये बारीक वर्तुळाकार फट पडते. नोझलभोवतीने वेगाने जाणाऱ्या हवेमुळे त्याच्या तोंडाशी दाब कमी होऊन रंग बाहेर ओढला जातो आणि हवेच्या झोताने त्याचे तुषार होतात. सुई जितकी मागे जाईल तितका रंग जास्त येतो.

या रचनेत सुईच्या टोकाला सर्वाधिक महत्त्व आहे. टोक जरासे वाकले तरी तुषार एका बाजूला जातात किंवा थुंकल्यासारखे ठिपके पडतात. नोझलचे छिद्र ०.३ मिलिमीटर म्हणजे ३०० मायक्रॉन असले, तरी सुई आत असताना प्रत्यक्ष फट त्याहून पुष्कळ अरुंद असते. म्हणूनच रंगातील कण छिद्रापेक्षा थोडेसेच लहान असून भागत नाही, ते कितीतरी पटींनी लहान असावे लागतात. डोळ्याला गुळगुळीत वाटणारा रंगही गुठळ्या असल्यास नोझलमध्ये अडकतो.

प्रकार

खटक्याच्या कार्यानुसार एअरब्रश एकक्रिय किंवा द्विक्रिय असतो. एकक्रिय साधनात खटका दाबला की हवा व रंग एकदम सुरू होतात आणि रंगाचे प्रमाण मागच्या किंवा पुढच्या स्क्रूने आधीच ठरवावे लागते. द्विक्रिय साधनात खटका खाली दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग येतो, त्यामुळे हाताचे काम चालू असतानाच रेषा बारीक वा रुंद करता येते. द्विक्रिय साधन शिकायला वेळ लागतो. एकाच रुंदीचा पट्टा शेकडो वस्तूंवर मारायचा असेल, तर ते शिकण्याचे फारसे कारण नाही.

हवा व रंग कोठे मिसळतात यावरूनही भेद केला जातो. अंतर्मिश्रण प्रकारात तुषार बारीक व एकसारखे येतात. बहिर्मिश्रण प्रकारात रंगाचे तोंड आणि हवेचे तोंड वेगवेगळे असून त्यांची गाठ साधनाबाहेर पडते. तुषार जाडसर असतात, पण साधन सहसा तुंबत नाही आणि क्षणात धुऊन निघते.

रंग वरच्या वाटीतून गुरुत्वाने खाली येतो किंवा खालच्या बाटलीतून शोषला जातो. वाटीच्या साधनाला दाब कमी पुरतो आणि थेंबभर रंगातही काम होते. बाटलीच्या साधनाला दाब थोडा जास्त लागतो, मात्र प्रत्येक रंगाची बाटली वेगळी भरून ठेवता येते व रंग बदलण्यास काही सेकंदच लागतात.

गणेशमूर्तींचे रंगकाम

रायगड जिल्ह्यातील पेण हे शहर आणि जवळची हमरापूर, जोहे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. येथील मूर्ती राज्यभर आणि परदेशातही जातात. मूर्तीला पांढरा अस्तर देऊन त्यावर अंगाचा रंग फवारला जातो. नंतर गाल, सोंडेच्या वळ्या, पोटाची गोलाई, बोटांच्या सांध्या आणि पीतांबराच्या चुण्या येथे गडद छटा देऊन उठाव आणतात. मोठ्या सपाट भागांसाठी स्प्रे गन आणि छटांसाठी एअरब्रश अशी वाटणी सोयीची ठरते. डोळ्यांची आखणी मात्र अजूनही केसांच्या कुंचल्याने, अनुभवी हातानेच केली जाते आणि मूर्तीची किंमत व कारखान्याचे नाव बरेचसे तिच्यावर अवलंबून असते.

शाडूची मूर्ती भाजलेली नसते. तिच्यावर ओला रंग जाड बसल्यास पृष्ठभाग पाणी शोषून मऊ पडतो, आणि वाळताना बारीक भेगा जाऊ शकतात. एअरब्रशचा पातळ थर येथे सोयीचा ठरतो, कारण तो बसतानाच जवळजवळ वाळलेला असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवर ही अडचण कमी, म्हणून तिच्यावर वेगाने काम उरकते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयीची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० मध्ये सुधारली. त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस टाळण्याबरोबरच विषारी रसायने असलेले व तैलरंग न वापरता पाण्यात मिसळणारे, निसर्गात विघटन होणारे रंग वापरण्यावर भर दिला आहे. प्लास्टरचा प्रश्न त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात गाजला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यावरील निर्बंध शिथिल केले, परंतु नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाला मुभा दिली नाही. या सार्वजनिक चर्चेत मूर्ती कशाची घडविली आहे याला जितके महत्त्व मिळाले, तितके ती कशाने रंगविली आहे याला मिळालेले नाही. वास्तविक शाडूच्या मूर्तीवर तैलरंग किंवा धातुमिश्रित चमकीचा थर असेल, तर तो माती विरल्यावरही पाण्यात राहतो.

रंग बदलला की साधनही बदलावे लागते. गेरू, हळद किंवा पिवळी माती यांसारखे रंग घरी वाटल्यास त्यांचे कण कारखान्यात तयार झालेल्या ॲक्रिलिक रंगाच्या कणांपेक्षा खूपच जाड राहतात. असे रंग ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून चालत नाहीत. ते पाण्यात कालवून, जाड कण तळाशी बसू देऊन, वरचे गढूळ पाणी मलमलच्या कापडातून गाळून घ्यावे लागते आणि तरीही ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे नोझल लागते. बांधणीसाठी डिंक वापरल्यास तो सुईच्या टोकावर सुकून कवच धरतो. कोमट पाण्यात भिजवून ते काढता येते. खरवडून काढू नये. मोत्यासारख्या चमकीसाठी वापरल्या जाणाऱ्या अभ्रकाच्या पुडीतील कण चपटे असल्यामुळे तेही बारीक तोंडाशी एकमेकांवर रचून वाट अडवितात.

मऊ प्लास्टिकची आमिषे

गळाच्या मासेमारीत जिवंत किडे, कोळंबी किंवा मासळीच्या तुकड्यांऐवजी वापरली जाणारी मऊ प्लास्टिकची आमिषे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. ओहायो राज्यातील ॲक्रन येथील निक क्रीम यांनी १९४९ मध्ये बाजारात आणलेला प्लास्टिकचा गांडूळ हा त्यांचा आरंभ समजला जातो. तो त्यांनी घरातील स्वयंपाकघरातच तयार केला होता. घरगुती आमिषे ओतण्याची परंपरा त्यामुळे या वस्तूइतकीच जुनी आहे.

महाराष्ट्रात अशा आमिषांना येणारे मासे म्हणजे शिकारी जातीचे मासे. खाड्यांत आणि कोकणच्या खारभूमीत जिताडा हा त्यांतील सर्वांत नावाजलेला मासा होय. पेण व अलिबाग परिसरातील तळ्यांत तो पाळलाही जातो. गोड्या पाण्यात मरळ हा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरणारा मासा बेडकाच्या आकाराच्या पोकळ आमिषावर झडप घालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा जलाशयासारख्या धरणांत मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने दिलेले असतात, आणि शनिशिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशापर्यंत पसरलेला नाथसागर हा जायकवाडी पक्षी अभयारण्याचा भाग आहे. हौसेने गळ टाकण्यापूर्वीही म्हणून परवानगीची चौकशी करणे आवश्यक असते.

ही आमिषे प्लास्टिसॉलपासून बनतात. पीव्हीसीची भुकटी तेलासारख्या मृदुकारक द्रवात कालवलेली असते. ती सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की पारदर्शक व ओतण्याजोगी होते आणि साच्यात थंड झाल्यावर रबरासारखी मऊ वस्तू मिळते. वस्तूला मऊपणा या मृदुकारकामुळेच येतो, पण रंगकामाच्या सर्व अडचणीही त्याच्यामुळेच निर्माण होतात. मृदुकारक प्लास्टिकमध्ये रासायनिक बंधाने बांधलेला नसतो. तो हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत राहतो. सामान्य ॲक्रिलिक रंग त्यावर नीट चिकटत नाही. आज छान दिसणारा थर आमिष ताणताच तडकतो व सोलून निघतो. एनॅमल रंग तर अनेकदा वाळतच नाही, चिकट राहतो. लाकडी किंवा कठीण प्लास्टिकच्या आमिषांवर उत्तम चालणारा रंग येथे निरुपयोगी ठरतो आणि दोष मात्र एअरब्रशला दिला जातो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे व्हिनाइल रेझिनवर आधारलेला, मिथिल इथिल कीटोन किंवा सायक्लोहेक्झानोन यांसारख्या तीव्र विद्रावकातील रंग. विद्रावक पीव्हीसीचा वरचा थर किंचित विरघळवितो आणि रंग त्याच्याशी एकजीव होतो. असा रंग ताणल्यावर आमिषाबरोबर ताणला जातो. दुसरा मार्ग म्हणजे पाण्यातील लवचीक रंग किंवा अभ्रकाची पूड आमिषावर देऊन, ते पूर्ण वाळल्यावर आमिष क्षणभर तापलेल्या पारदर्शक प्लास्टिसॉलमध्ये बुडविणे. रंग दोन थरांच्या मध्ये बंद होतो. खालच्या रंगात ओल राहिली असल्यास तिची वाफ होऊन फोड येतात, म्हणून या पद्धतीत घाई चालत नाही.

पहिला मार्ग निवडल्यास एअरब्रशची निवड बऱ्याच अंशी ठरून जाते. स्वस्त साधनांतील रबरी कड्या कीटोन विद्रावकांत फुगतात, सुई जखडते आणि हवेच्या झडपेतून गळती सुरू होते. त्यामुळे निदान सुईची गादी तरी टेफ्लॉनची असावी. खरेदीच्या वेळी नोझलच्या आकाराआधी विचारायचा प्रश्न हाच आहे. रंगाची वाटी किंवा बाटली काचेची अथवा धातूची हवी; पॉलिस्टायरीनचा पेला या विद्रावकांत विरघळतो. विद्रावक फार लवकर उडणारा असल्यास, उदाहरणार्थ नुसता ॲसिटोन, तुषार पृष्ठभागावर पोचण्यापूर्वीच सुकून भुकटीसारखे बसतात आणि सुईच्या टोकावरही रंग साचतो. सायक्लोहेक्झानोन सावकाश उडतो, म्हणून थोड्या प्रमाणात तो मिसळल्यास काम सुरळीत चालते.

नोझलविषयी हौशी लोकांचा कल बारीकाकडे असतो. अंगठ्याएवढ्या माशावर प्रत्येक खवला काढता यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण पावसाळ्यानंतरच्या गढूळ खाडीत किंवा धरणाच्या मातकट पाण्यात जिताडा वा मरळ खवले मोजत नाही. तेथे गडद पाठ आणि फिकट पोट यांतील विरोध, शेपटीवरचा एखादा ठळक ठिपका आणि एकूण आकृती महत्त्वाची ठरते. पाण्यात खोल जाताना लाल रंग सर्वप्रथम मावळतो, त्यामुळे पृष्ठभागावर भडक दिसणारा लाल गळा काही मीटर खाली काळपट दिसतो. एवढ्या कामाला ०.४ ते ०.६ मिलिमीटरचे नोझल पुरेसे असते आणि ते व्हिनाइल रंगाने कमी तुंबते. ०.२ मिलिमीटरचे नोझल या रंगांसाठी घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

आमिषे ओतणाऱ्यांत पाशेच्या ‘एच’ या जुन्या धाटणीच्या एकक्रिय, बहिर्मिश्रण साधनाची लोकप्रियता याच कारणाने टिकून आहे. त्याची तोंडे ०.४५, ०.६५ आणि सुमारे १ मिलिमीटर अशा मापांत मिळतात, बाटली चटकन बदलता येते आणि थिनरची एक फुंकर मारली की साधन स्वच्छ होते. पाठ, कूस आणि पोट असे तीन रंग पन्नास आमिषांवर ओळीने द्यायचे असतील, तर त्याच्यासारखे सोयीचे साधन विरळा. बांगड्यासारख्या वळणदार रेघा किंवा डोळ्याभोवतीची छटा काढायची असल्यास मात्र द्विक्रिय, वाटीचे, ०.३५ मिलिमीटरच्या आसपासचे साधन घ्यावे; इवाटाचे ‘इक्लिप्स’ हे या वर्गाचे परिचित उदाहरण आहे. एकच साधन घ्यायचे असल्यास ०.५ मिलिमीटरचे द्विक्रिय साधन दोन्ही कामे बरी करते, यापेक्षा अधिक त्याच्याकडून मागू नये.

चमचमणारी भुकटी एअरब्रशमधून फवारण्याचा प्रयत्न नेहमी फसतो. तिचा सामान्य कण ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा असतो आणि नोझलमधून तो जाणे अशक्यच असते. ती प्लास्टिसॉलमध्येच ओतण्याआधी मिसळावी लागते. अंगभूत रंगासाठी विरघळणारे रंगद्रव्य वापरल्यास ते मृदुकारकाबरोबर झिरपून शेजारच्या आमिषात उतरते. काळे व पांढरे आमिष एका डबीत ठेवल्यास काही दिवसांत पांढरे मळकट दिसू लागते. न विरघळणाऱ्या रंगकणांबाबत हा त्रास जवळजवळ नसतो.

रंगविण्यापूर्वी साच्यातून काढलेल्या आमिषावरील तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. साच्याला सिलिकॉन तेल लावले असल्यास त्याचा अंशही पुरेसा ठरतो: रंग मागे सरून माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. दाब साधारणतः १५ ते २५ पीएसआय ठेवून, आठ-दहा सेंटिमीटर अंतरावरून पातळ हात द्यावेत. एकाच ठिकाणी जास्त ओला थर दिल्यास विद्रावक आत जिरतो आणि आमिष फुगून वाकडे होते, विशेषतः पातळ शेपटीशी. शेपटी वाकली की पाण्यातील तिची हालचाल बिघडते आणि मग रंग कितीही सुबक असला तरी मासा त्याकडे वळत नाही.

कॉम्प्रेसर व पावसाळा

मूर्तींच्या रंगकामाचा हंगाम आषाढ–श्रावणात, म्हणजे कोकणातील सर्वांत दमट काळात येतो. हवा दाबली गेली आणि मग थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते नळीतून येऊन रंगात मिसळते व मूर्तीच्या तयार गालावर डाग पडतो. म्हणून टाकी असलेला कॉम्प्रेसर, टाकीच्या तळाची रोज सोडायची झडप आणि एअरब्रशच्या शक्य तितक्या जवळ बसविलेला जलविभाजक हे पावसाळी प्रदेशात चैनीचे नव्हे, तर आवश्यक भाग होत. टाकीमुळे दाबातील धक्केही कमी होतात. कॉम्प्रेसर आणि विभाजक यांच्यामध्ये काही मीटर लांब नळी ठेवल्यास हवा वाटेतच थंड होते आणि पाणी विभाजकात सापडते.

विद्रावकाच्या रंगांना दमटपणाचा वेगळा त्रास होतो. विद्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील दव धरते आणि रंग पांढुरका पडतो. असा दिवस टाळणे किंवा सावकाश उडणारा विद्रावक वाढविणे, एवढेच उपाय आहेत.

देखभाल

रंग सुकण्यापूर्वी साधन धुणे हा एअरब्रशच्या देखभालीचा मुख्य भाग आहे. पाण्यातील रंगानंतर पाणी, व्हिनाइल रंगानंतर त्याचाच थिनर फवारावा. पाण्याच्या रंगावर थेट तीव्र विद्रावक ओतल्यास रंग फाटून चिकट गोळे होतात आणि नोझल पूर्ण उघडावे लागते. दोन्ही प्रकारचे रंग वापरणाऱ्यांनी मध्ये अल्कोहोलची एक धुणी द्यावी किंवा दोन वेगळी साधने ठेवावीत. सुई मागच्या बाजूने ओढून पुसताना टोकाकडे पुसत जावे, उलट नाही. लहान नोझल पान्याने घट्ट आवळल्यास तडकते. सुई व नोझल हे झिजणारे भाग असल्याने ते सुटे मिळतात की नाही, हे साधनाच्या मूळ किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

आरोग्य व सुरक्षितता

तुषार जितके बारीक, तितके ते फुप्फुसात खोल जातात. कापडी रुमाल किंवा धुळीचा साधा मुखवटा विद्रावकाची वाफ अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला श्वसनमुखवटा लागतो आणि डबीला वास येऊ लागला की ती बदलावी लागते. पाण्यातील रंगांसाठीही कणरोधक मुखवटा आवश्यक आहे, कारण रंग ‘पाण्याचा’ असला तरी त्यातील रंगकण तोच असतो. दोन घटक मिसळून वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी कायमचा दमा जडू शकतो. घरगुती जागेत ते फवारू नये.

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनुसार दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित आहे आणि ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. सुटी रंगपूड घेताना तिच्या पुडक्यावर अशी माहिती क्वचितच असते. मूर्तींच्या कारखान्यांत हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत घरातील सर्वजण, मुलेही, रंगाच्या खोलीत असतात. त्या दिवसांत फवारणीची जागा वेगळी ठेवून तेथील हवा पंख्याने बाहेर काढणे, हे कारखान्याच्या खर्चात सहसा न धरले जाणारे काम आहे.

आमिषे ओतणाऱ्यांच्या बाबतीत धोका रंगाआधीच सुरू होतो. प्लास्टिसॉल २०० अंशांपलीकडे तापल्यास करपून पिवळे पडते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो. स्वयंपाकाची भांडी व ओव्हन या कामाला वापरल्यास पुन्हा अन्नासाठी वापरू नयेत. साच्यात पाण्याचा थेंब असल्यास उकळते प्लास्टिक उडून त्वचेला चिकटते. कीटोन विद्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरतात व दूरच्या ठिणगीनेही पेट घेतात. म्हणून प्लास्टिसॉल तापविण्याची शेगडी आणि फवारणी एका खोलीत एका वेळी चालू नसावीत, तसेच हवा बाहेर काढणारा पंखा ठिणगी न पाडणारा असावा.

तुटून पाण्यात राहिलेले मऊ आमिष कुजत नाही. मासे ते गिळतात आणि ते पोटात फुगून राहते. फाटलेली आमिषे गोळा करून पुन्हा वितळविता येतात, मात्र व्हिनाइल रंगाचे थर असलेला असा माल काळपट होतो व त्यातून गडद रंगाचीच आमिषे ओतावी लागतात. गढूळ पाण्यातील मरळीसाठी ती चांगली चालतात.